भाताचा करपा: स्युडोमोनासचा पुडा जूनमध्ये न्या, सप्टेंबरात नको

कामशेतजवळ माझं कृषी सेवा केंद्र आहे. गिऱ्हाईक बहुतेक इंद्रायणीवाले, थोडे आंबेमोहोरवाले. करपा म्हणजे पानावर डाग पाडणारा बुरशीचा रोग, आणि स्युडोमोनास म्हणजे त्याला आवरणारा, पावडरीच्या रूपात मिळणारा जिवाणू. सप्टेंबरात डाग पडलेलं पान हातात घेऊन कुणी स्युडोमोनास मागितला, तर मी देत नाही. हा जिवाणू पडलेला डाग पुसत नाही. तो मुळाभोवती आणि पानावर आधीच बस्तान बसवतो, आजूबाजूचं लोह ओढून घेतो, बुरशीला मारक द्रव्यं सोडतो आणि रोपाची स्वतःची प्रतिकारशक्ती जागी करतो. या सगळ्याला वेळ लागतो, म्हणून काम बियाण्यापासून सुरू करायचं.

पुडा घेताना आधी तारीख बघा. स्युडोमोनास बीजाणू (जाड कवचाची, सुप्त राहून टिकणारी पेशी) करत नाही, त्यामुळे उन्हात आणि उष्णतेत तो लवकर मरतो. पावडर चार-सहा महिन्यांच्या आतली असावी. घरी नेल्यावर पत्र्याखाली किंवा खताच्या गोणीवर ठेवू नका. विरजण जसं जपता तसंच हे जपायचं. बॅसिलस सबटिलिस बीजाणू करतो, म्हणून तो जास्त टिकतो. तो मिळाला तरी चालेल, प्रमाण मात्र त्याच्या लेबलावरचं धरा. ट्रायकोडर्माही कामाचा आहे, पण ती बुरशी. 'दोन्ही एकच' असं सांगून कुणी दिलं तर घेऊ नका.

बियाणं आधी मिठाच्या पाण्यातून काढा: 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ. वर तरंगलेलं पोचट दाणं फेकून द्या, तळाचं दोन-तीनदा स्वच्छ पाण्यानं धुवा, कारण मीठ राहिलं तर जिवाणूलाही सोसत नाही. सावलीत सुकवून, पेरायच्या आधी किलोला 10 ग्रॅम पावडर जरा ओलावून चोळा. बियाण्याला रासायनिक बुरशीनाशक लागलेलं असेल, तर त्याच्यावर ही पावडर चोळून पैसे घालवू नका.

रोपवाटिकेत भाताच्या तुसाची काळी राख मिसळा. चौरस मीटरला अर्धा ते एक किलो. यातलं सिलिका रोप उचलतं आणि पानाची साल टणक होते. चारसूत्री या भात लागवडीच्या पद्धतीतलं हे पहिलं सूत्र, आणि फुकटात होणारं.

सगळ्यात जास्त लक्ष द्यायचं ते लावणीच्या दिवशी, आणि नेमकं तेव्हाच लोक घाई करतात. रोपं उपटून मुठी बांधल्या की मुळं धुवून चिखल काढा. घमेल्यात किंवा खड्ड्यात प्लास्टिक टाकून 10 लिटर पाण्याला 100 ग्रॅम पावडर कालवा आणि मुठी मुळाकडून अर्धा तास उभ्या ठेवा. पाणी विहिरीचं किंवा ओढ्याचं घ्या. क्लोरीन टाकलेलं नळाचं नको. माणसं बांधावर ताटकळतात, चहा होतो, कुणी ओरडतं, तरी अर्धा तास कमी करू नका. पाऊस धो धो असेल तर घमेल्यावर ताडपत्री धरा, नाहीतर द्रावण वाहून बांधाबाहेर जातं. एकरभर लावायचं असेल तर खाचराच्या कोपऱ्यात बांध घालून 10 चौरस मीटरचं डबकं करा आणि त्यात 1 किलो पावडर टाका.

चिखलणीनंतर वाऱ्यानं एका कोपऱ्यात फेस आणि काडीकचरा गोळा होतो. पर्णकोष करप्याच्या (बुंध्याला गुंडाळलेल्या पानाच्या कोषावर येणारा वेगळा बुरशीचा रोग) बुरशीच्या गाठी त्यातच तरंगत असतात. टोपलीनं तो काढून खाचराबाहेर पुरा. एवढ्यानंही खूप फरक पडतो आणि त्याला कसलंच औषध लागत नाही.

लावणीनंतर महिन्याभरानं एकरी 1 किलो पावडर 20 किलो चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून संध्याकाळी खाचरात फेका. पाणी आधी कमी करा. दीड महिन्याच्या सुमाराला फवारणी सुरू करा: लिटरला 5 ग्रॅम, दहा दिवसांच्या अंतरानं दोन-तीन वेळा. पावडरीत शंखजिरं असतं आणि त्यानं नोझल बसतं, म्हणून द्रावण ढवळून फडक्यातून गाळा. संध्याकाळी, पावसाची उघडीप बघून फवारा. पंप आधी कॉपर ऑक्सिक्लोराईड किंवा स्ट्रेप्टोसायक्लीनला वापरला असेल तर चांगला खळखळून धुवा. दोन्हीही जिवाणू मारतात. पर्णकोष करपा पाण्याच्या पातळीजवळ सुरू होतो, त्यामुळे त्याच्यासाठी फवारा बुंध्याकडे वळवा.

युरियाबाबत माझं म्हणणं माझ्याच धंद्याच्या विरोधात जातं, पण सांगतो. गर्द हिरवं, लुसलुशीत भात करप्याला आधी बळी पडतं. ढगाळ हवा, गार रात्री, सकाळी उशिरापर्यंत दव असं ऑगस्ट-सप्टेंबरातलं मावळ असेल तर मूठभर युरिया जास्त पडला तरी स्युडोमोनासचे कष्ट वाया. चार चुडांच्या मधे युरिया-डीएपीची गोळी खोचा आणि नंतर वरून फेकणं थांबवा. दाटही लावू नका, हवा खेळू द्या.

आता डाग ओळखण्याचं. करप्याचा डाग डोळ्यासारखा असतो: दोन्ही टोकं निमुळती, मध्ये राखाडी, कडेला तपकिरी. पानाच्या कडेनं टोकापासून खाली पिवळट लाटेसारखं वाळत येत असेल, तर तो कडा करपा, म्हणजे बुरशी नव्हे, दुसऱ्याच जिवाणूचा रोग. खात्री करायची असेल तर पानाचा डागाजवळचा तुकडा कापून काचेच्या ग्लासातल्या स्वच्छ पाण्यात सोडा. थोड्या वेळात कापलेल्या टोकातून दुधासारखी धार उतरली तर कडा करपा. त्याला करप्याचं बुरशीनाशक मारून काहीच होत नाही.

डाग वरच्या पानांवर सरकू लागले किंवा भात पोटरीत (लोंबी बाहेर पडायच्या आधी) असताना हवा सलग ढगाळ राहिली, तर स्युडोमोनासवर विसंबू नका. त्या वेळी ट्रायसायक्लॅझोल हे रासायनिक बुरशीनाशक लेबलावरच्या प्रमाणात फवारा आणि जिवाणूच्या फवारणीत आठवडाभराचं अंतर ठेवा. लोंबीच्या मानेवर काळं कडं आलं तर वरची लोंबी पांढरी पडून पोचट राहते. मग काहीच हाती लागत नाही. अशा खाचरातलं भात पुढल्या वर्षी बियाण्याला ठेवू नका, गिरणीत द्या.