बालआरोग्याच्या पोस्टिंगला जाताय? या चुका टाळा, आणि फाइल नंतर उघडा

दरवर्षी नवीन बॅच येते आणि दरवर्षी मी त्याच त्याच गोष्टींवर बोंबलते, तर म्हटलं एकदा लिहूनच टाकू, म्हणजे निदान पुढच्या वेळी "मॅडम तुम्ही सांगितलं नव्हतं" हे तरी कुणी म्हणणार नाही. मी नर्सिंगच्या मुलामुलींना बालआरोग्य शिकवते, वर्गात कमी आणि अंगणवाडीच्या ओट्यावर जास्त. चुका होतातच, माझ्याही झाल्यात. पण काही चुका ज्ञान कमी पडतं म्हणून होत नाहीत, फाइल लवकर संपवायची घाई असते म्हणून होतात, आणि माझा खरा राग त्या चुकांवर आहे.

सूत्राचं वजन

एका वर्षी केसबुकं तपासायला बसले. तिसरं पुस्तक, चार वर्षांचा मुलगा, वजन १६ किलो. सातवं पुस्तक, चार वर्षांची मुलगी, १६ किलो. अकरावं, पुन्हा १६. मला वाटलं वा, गावात काय पोरं आहेत, सगळी एका साच्यातली! मग डोक्यात उजेड पडला. वय गुणिले दोन अधिक आठ. चार दुणे आठ आणि आठ, सोळा. कुणी काट्याला हातच लावला नव्हता, सूत्रातून येणारं अपेक्षित वजन सरळ प्रत्यक्ष वजनाच्या रकान्यात टाकून दिलेलं.

सूत्र वाईट नाही हो. १ ते ६ वर्षांसाठी ते, ३ ते १२ महिन्यांसाठी महिने अधिक नऊ भागिले दोन, हे पाठ असावंच, अंदाज घ्यायला बरं पडतं. जन्माच्या वजनाच्या साधारण पाच महिन्यांत दुप्पट, वर्षाला तिप्पट, दोन वर्षांना चौपट, हेही तोंडावर पाहिजे. पण समोरचं पोर १२ किलोचं असताना तुम्ही १६ लिहिलंत तर ते पोर कागदावर धडधाकट झालं आणि त्याच्याकडे पुन्हा कुणी बघणार नाही. शॉर्टकटचं हे असं असतं, किंमत तुम्ही देत नाही, दुसराच देतो.

याच्याच बहिणी म्हणजे गेल्या महिन्याच्या आकड्यात २०० ग्रॅम मिळवून नवा आकडा तयार करणे. आम्हाला कळतं. खरं वजन कधीच इतक्या शिस्तीत वाढत नाही, दोन महिने वाढतं, तापाच्या महिन्यात घसरतं, पुन्हा सावरतं.

वजन वाढलं म्हणून पेढे वाटू नका

आता ही माझी सगळ्यात दुखरी गोष्ट. सात-आठ वर्षांपूर्वी, भर पावसाळ्यात एका पाड्यावर पोस्टिंग होतं. बॅचमधली एक खरंच हुशार मुलगी, अक्षर सुंदर, सगळं वेळेत. २० महिन्यांच्या एका मुलाचं वजन तिनं केलं, काटा शून्यावर आणून, कपडे काढून, अगदी पुस्तकाप्रमाणे. ८ किलो ६००. मागच्या महिन्यात होतं ७ किलो ९००. वाढीच्या आलेखावर टिंब दिलं तर पोरगं नारिंगी, म्हणजे फारच कमी वजनाच्या, पट्ट्यातून पिवळ्यात, म्हणजे मध्यम कमी वजनाच्या, आलेलं. ती इतकी खूश, आईला म्हणाली, "ताई, मस्त वाढलंय हो बाळ, एका महिन्यात ७०० ग्रॅम!" आईसुद्धा म्हणाली, हो, गालबिल भरलेत, गुटगुटीत दिसतोय आता.

मी शेजारीच दुसऱ्या बाळाचा दंड मोजत होते, आणि माझं लक्ष गेलं ते त्या मुलाच्या पायातल्या वाळ्यांकडे. मांसात रुतलेले. दोन महिन्यांपूर्वी सैल म्हणून आईनं दोऱ्यानं बांधले होते, ते आता काढू म्हटलं तर निघेनात. मी दोन्ही पावलांवर अंगठा ठेवला, एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन असे तीन सेकंद मोजले आणि उचलला, तर दोन्हीकडे खळगा तसाच. सूज होती ती. पोरगं वाढलं नव्हतं, पाणी भरलं होतं अंगात. मग बाकीचंही दिसायला लागलं, केस विरळ आणि तांबूस, मांडीच्या कातडीवर काळपट खपल्या, आणि मुख्य म्हणजे पोर रडत होतं पण आजूबाजूच्या कशातच त्याला रस नव्हता. दंडाचा घेर ११.८ सेंटीमीटर, म्हणजे दंड मोजायच्या रंगीत पट्टीवर लाल नाही, पिवळाच. वजन पिवळं, पट्टी पिवळी, आणि मूल मात्र तीव्र कुपोषित. दोन्ही पायांवर दाबल्यावर खळगा राहणारी सूज असली की आकडे काहीही म्हणोत, मूल सॅममध्येच, म्हणजे तीव्र कुपोषणातच, धरायचं आणि दवाखान्यात पाठवायचं.

पाठवलं. वॉर्डात उपचार सुरू झाल्यावर पहिले काही दिवस वजन कमी झालं, सूज उतरते तेव्हा तसंच होतं, आणि आई घाबरून म्हणायला लागली की इथं पोरगं वाळतंय, घरी नेते. तिला समजावायला तीच विद्यार्थिनी रोज जात होती, मी न सांगता. पोरगं सुधारलं. ती मुलगी मात्र मला पुढे म्हणाली, मॅडम, मी त्याचा पाय हातात धरला होता काट्यातून उतरवताना, आणि मी बघितलाच नाही.

क्वाशिओरकर, म्हणजे हेच सुजेचं कुपोषण, हा शब्द तुम्ही परीक्षेसाठी पाठ करता, तो मूळचा आफ्रिकेतल्या गा भाषेतला, सिसिली विल्यम्स या डॉक्टरबाईंनी १९३० च्या दशकात तो वैद्यकात आणला, आणि त्याचा अर्थ साधारण असा की धाकटं आलं की थोरल्याला होणारा आजार. त्या पाड्यावरच्या आईच्या मांडीवरसुद्धा दोन महिन्यांचं दुसरं बाळ होतं. आपल्याकडे सुजवटी म्हणतात. नाव कुठलंही घ्या, माझी सवय एकच, मूल समोर आलं की आधी पाय, मग काटा. काट्याआधी पाय बघितले की आकड्याची भुरळ पडत नाही.

मोजण्यातल्या बाकीच्या गमती, पटापट

लटकता काटा डोळ्यांच्या पातळीत हवा, तुम्ही खाली बसून वर बघून वाचाल तर चुकणारच. झोळी अडकवून मग शून्य करा, आधी नाही. पोर नाचत असताना आकडा वाचू नका, आईला समोर उभं करा, ते थांबतं.

दोन वर्षांखालच्या मुलाची लांबी आडवं ठेवून, त्यावरच्याची उंची उभं करून. आडवं मोजलं की सुमारे ०.७ सेंटीमीटर जास्त येतं, त्यामुळे उलटसुलट केलंत तर वर्गवारी बदलू शकते. आणि आडवं मोजायला दोन माणसं लागतात, एकट्यानं करतो म्हणणाऱ्या हिरोंना नमस्कार.

मुलींचा आलेख गुलाबी, मुलांचा निळा. बारा महिन्यांची मुलगी ७ किलो ४०० ची असेल तर ती मुलींच्या आलेखावर ठीक आहे, कारण तिची खालची रेषा ७ किलोवर आहे. तीच निळ्या पानावर टाकली तर ती रेषा ७ किलो ७०० वर असल्यानं पोरगी कमी वजनाची होते आणि आईची झोप जाते.

वय आईला "किती?" असं विचारू नका. "दीड वर्षाचं" म्हणजे चौदा महिन्यांपासून बावीसपर्यंत काहीही असू शकतं. कार्ड मागा, जन्मतारीख बघा, पूर्ण झालेले महिने मोजा. कार्ड हरवलं असेल तर पोळा होता का, दिवाळी झाली होती का, ऊसतोडीला गेला होतात का, असं विचारत विचारत महिना सापडतो.

दंडपट्टी डाव्या हाताला, खांदा आणि कोपराच्या मधोमध, हात सैल सोडून, ६ ते ५९ महिने. ११.५ च्या खाली लाल. पट्टी आवळली की सगळं गाव कुपोषित, ढिली ठेवली की सगळं गाव ठणठणीत.

"बाळ हसतं का?" "हो."

विकासाचे टप्पे तपासणं म्हणजे यादी वाचून आईला प्रश्न विचारणं नाही. कुठलीही आई हो म्हणते. बाळ सहा-आठ आठवड्यांचं असेल तर तुम्ही त्याच्या तोंडासमोर जाऊन बोला, हसतंय का ते स्वतः बघा. नऊ-दहा महिन्यांचं असेल तर चटईवर चुरमुरा टाका, बोट आणि अंगठ्यानं चिमटीत उचलतंय का दिसेल (आणि तोंडात जायच्या आत काढून घ्या, हे सांगावं लागतं म्हणून सांगते). तीन महिने झाले तरी ओळखीचं हसू नाही, दहा महिन्यांना आधाराशिवाय बसत नाही, दीड वर्षाला चालत नाही, तर "काही मुलं उशिरा करतात" असं म्हणून आईला घरी पाठवायचं नाही. ते आजीनं म्हणायचं, तुम्ही नाही.

आणि वेळेआधी जन्मलेली बाळं. इथे दरवर्षी गोंधळ. दोन महिने आधी जन्मलेलं बाळ सहा महिन्यांचं झालं तर टप्प्यांसाठी ते चार महिन्यांचं धरायचं, दोन वर्षांचं होईपर्यंत असंच. पण लसीला मात्र जन्मतारीखच. एका विद्यार्थिनीनं नेमकं उलटं केलं, पेंटा (पाच आजारांवरची एकत्र लस) दोन महिने पुढे ढकललं आणि मान धरत नाही म्हणून आईला घाबरवलं. दोन्ही एकाच भेटीत!

वरणाच्या वरचं पाणी

आता माझा दुसरा आवडता विषय. गावोगावी उष्टावण अगदी दणक्यात होतं, मामा येतो, चांदीची वाटी, चमचाभर खीर, फोटो. आणि त्यानंतर दोन-तीन महिने बाळ दुधावरच, फार तर "वरणाचं पाणी देते". आणि आमच्या विद्यार्थी मंडळींच्या फाइलमध्ये लिहिलेलं असतं, पूरक आहार सुरू, समाधानकारक.

कुठून समाधानकारक? वरण शिजून निवलं की डाळ खाली बसते, वर राहतं ते हळदीचं पाणी. बाळाचं पोट इवलंसं, ते पाण्यानं भरलं की ते दूधही कमी पितं. सहा ते आठ महिन्यांत दुधाशिवाय रोज साधारण २०० कॅलरी अन्नातून लागतात, पुढचे तीन महिने ३०० आणि वर्षानंतर ५५०. पाण्यातून कशा येणार त्या?

हे सांगून पटत नाही, दाखवून पटतं. मी सरळ स्वयंपाकघरात बसते आणि म्हणते, मावशी, तुमचं वरण दाखवा बरं. तळातली डाळ, त्यात मऊ भात किंवा भाकरी कुस्करून, वरून चमचाभर तेल नाहीतर तूप, आणि चमचा तिरका करायचा. घसरून पडलं तर पातळ, चमच्यावर बसून राहिलं तर बरोबर. आजीला हे लगेच कळतं, सुनेपेक्षा आधी कळतं, आणि खरा निर्णय बहुतेक घरांत तिचाच असतो, तेव्हा तिला बाजूला ठेवून सुनेला लेक्चर देणं ही वेगळी चूक. बाळाची वाटी वेगळी, म्हणजे पोटात किती गेलं ते कळतं.

सफरचंद, ओट्स, एवोकॅडो लिहिलेला आहारतक्ता मी फाडते, खोटं नाही सांगत. घरी जे आहे त्यातून सांगा. अंडं, शेंगदाण्याचं बारीक कूट, नाचणी, पालेभाजी, पिकलेलं केळं. चहात बुडवलेलं बिस्किट हे अन्न नाही. मध वर्षाच्या आत नाही, चाटवायलाही नाही. गुटी उगाळण्याबद्दल आजीशी भांडू नका पण पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नाही, हे उन्हाळ्यातही ठामपणे सांगा.

जुलाबात ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात, पूर्ण एकदम. "थोडं थोडं ग्लासात टाकते" म्हटलं की चूक. झिंक १४ दिवस, जुलाब थांबले तरी. आणि जेवण बंद करायचं नाही.

लसीकरणाचं थोडक्यात

डोस चुकला म्हणजे मालिका पहिल्यापासून नाही, जिथे थांबली तिथून पुढे. साधी सर्दी असली तरी लस द्यायची. बीसीजीच्या (क्षयरोगाच्या लशीच्या) जागी काही आठवड्यांनी गाठ येते, फुटते, खपली धरते, त्यावर हळद नको, मलम नको, शेक नको, आणि हे आईला त्याच दिवशी सांगून ठेवा नाहीतर ती तुमच्या नावानं शिमगा करेल. बीसीजी आणि एमआरची (गोवर-रुबेलाची) विरघळवलेली बाटली चार तासांनंतर फेकायची, "दोनच डोस उरलेत" म्हणून पाचव्या तासाला वापरायची नाही. जीवनसत्त्व अ चा पहिला डोस नऊ महिन्यांना एक मिली, पुढचे दर सहा महिन्यांनी दोन मिली, बाटलीसोबतच्या चमच्यानंच. आइसपॅक फ्रीझरमधून काढून थेट बॉक्समध्ये नाही, हलवल्यावर आत पाणी खळखळलं की मगच, नाहीतर पेंटा गोठून वाया जातं. लस दिल्यावर अर्धा तास बसवून ठेवायचं, बाहेर रिक्षा हॉर्न वाजवत असली तरी.

आणि बाटलीवरचं नाव. ३१ जानेवारी २०२१ ला यवतमाळ जिल्ह्यात पोलिओच्या थेंबांऐवजी बारा मुलांना सॅनिटायझर पाजलं गेलं होतं, पेपरात आलं होतं, नशिबानं पोरं वाचली. वर्गात सांगितलं की सगळे हसतात, असं कसं होईल म्हणतात. गर्दी असते, गप्पा चालू असतात, टेबलावर दोन सारख्या बाटल्या असतात, हात सवयीनं चालतो, असं होतं. मी बाटली हातात घेतली की नाव, तारीख आणि व्हीव्हीएमचा, म्हणजे उष्णतेनं लस खराब झाली का ते रंगावरून दाखवणारा, चौकोन मोठ्यानं वाचते, शंभरावी बाटली असली तरी. मागे बसलेली पोरं खिदळतात, मदतनीस ताईंनाही आता पाठ झालंय, कधीकधी माझ्याआधी त्याच वाचून मोकळ्या होतात.