भातकापणीच्या तोंडावर बदकांची पिल्लं आणा, पण आधी गिऱ्हाईक बघा

गगनबावडा, राधानगरी, चंदगडकडं खाचरं पिवळी पडायला लागली की अंड्यांसाठी बदकं पाळू इच्छिणाऱ्यानं पिल्लांची तजवीज करावी. जोराचा पाऊस सरलेला असतो आणि कडाक्याची थंडी अजून लांब असते. आत्ता आणलेलं एक दिवसाचं पिल्लू चार-पाच आठवड्यांत कापणी झालेल्या खाचरात सोडण्याजोगं होतं. तिथं सांडलेलं भात, किडे, गोगलगायी आयत्याच मिळतात. पुढं पाचएक महिन्यांनी, फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास, मादी अंड्यावर येते तेव्हा दिवस मोठा होत चाललेला असतो. हे महत्त्वाचं, कारण अंडी नीट मिळायची तर बदकाला रोज १४ ते १६ तास उजेड लागतो.

अंड्यांसाठी जात एकच धरा, खाकी कॅम्पबेल. व्यवस्था चोख असेल तर वर्षाला ३०० पर्यंत अंडी देते, अंडं ६५ ते ७० ग्रॅमचं. पांढरं पेकिन दिसायला देखणं, पण ते मांसासाठी. खाकी कॅम्पबेल सहसा खुडूक बसत नाही, त्यामुळं पुढची पिल्लं घरीच काढायची तर अंडी खुडूक कोंबडीखाली किंवा मशीनमध्ये ठेवावी लागतात. ती २८ दिवसांनी फुटतात. पिल्लांसाठी बंगळूरजवळच्या हेसरघट्टा इथल्या केंद्र सरकारच्या संस्थेत आधी नोंदणी करून बघा. आठवडी बाजारात टोपलीतली पिल्लं घेतली तर जातीची खात्री कोण देणार?

आता पिल्लं किती? वीस माद्या हव्या असतील तर चाळीस आणावी लागतात, कारण न निवडलेल्या पिल्लांत निम्मे नर निघतात. दोन-अडीच महिन्यांत ओळख पटते: मादी मोठ्यानं क्वॅक-क्वॅक करते, नराचा आवाज घोगरा असतो आणि पुढं त्याच्या शेपटीवर वळलेलं पीस येतं. नुसती खायची अंडी विकायची तर नराची गरजच नाही. उबवायची असतील तर सहा-सात माद्यांना एक नर ठेवा, बाकीचे विकून टाका. फुकट खाणारी तोंडं कशाला पोसायची?

वीस माद्या रुळल्या की रोज बारा-चौदा अंडी धरायला हरकत नाही. इथंच खरी मेख आहे. आपल्याकडं तांबड्या-पांढऱ्याला गर्दी करणारा माणूस बदकाचं अंडं बघून आधी नाक मुरडतो. म्हणून पिल्लं आणायच्या आधी ओळखीची घरं, एखादी बेकरी, खाणावळ यांच्याशी बोलून ठेवा. केकला हे अंडं चांगलं लागतं. गिऱ्हाईक ठरलं नसेल तर दहाच माद्यांवर सुरुवात करा.

बदक म्हणजे तळं, असं बहुतेकांच्या डोक्यात बसलेलं असतं. तळं नसलं तरी चालतं. चोच, नाकपुड्या आणि डोळे बुडतील एवढं, म्हणजे पाच-सहा इंच खोल पाणी मात्र हवंच, नाहीतर डोळे चिकटतात. मोठी घमेली किंवा सिमेंटचा उथळ पाट पुरतो. प्लॅस्टिक अंथरलेल्या शेततळ्यात पिल्लं कधीच सोडू नका. निसरड्या कडेवरून ती वर चढू शकत नाहीत आणि दमून बुडतात. दिवसभर चिखलात खेळणाऱ्या या पक्ष्याला रात्री मात्र कोरडी जागा लागते. एका बदकाला तीन-चार चौरस फूट जागा, खाली भाताचं तूस किंवा चिरलेलं पाचट, आणि ओलं झालं की लगेच बदल. पाण्याची भांडी झोपायच्या जागेपासून लांब ठेवा.

शिरोळ, करवीर, हातकणंगल्याच्या नदीकाठच्यांनी खुराडं २०१९ आणि २०२१ च्या पुराच्या खुणेच्या वरच बांधावं. बदक पोहतं म्हणून पुरातून वाचेल, ही समजूत वेडेपणाची. ते वाहून जातं, परत येत नाही. जाळी मुंगूस शिरणार नाही इतकी बारीक हवी.

पहिल्या आठवड्यात पिल्लांना ३० अंशांच्या आसपास ऊब द्या, मग दर आठवड्याला तीनेक अंशांनी कमी करा. पिल्लं बल्बखाली गोळा झाली तर गारठलीत, लांब पळाली तर उकडतंय. या वयात त्यांना पोहायला सोडू नका.

खाण्यात एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा, बुरशी. बुरशी धरलेला मका किंवा शेंगपेंड कोंबडी एखाद वेळ पचवते, बदक मरतं. पावसाळ्यात ओल धरलेलं पोतं कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नका, आणि खाद्य आठ-दहा दिवसांपुरतंच भरा. कोरडा भरडा त्यांच्या घशात अडकतो, म्हणून थोडा ओलवून द्या, शेजारी पाणी असूच द्या, आणि उरलेलं आंबण्याआधी उचला. कोंबडीच्या पिल्लांचं खाद्य वापरणार असाल तर पाण्यातून बी-कॉम्प्लेक्स द्या. बदकाला त्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व जास्त लागतं, ते कमी पडलं की पाय वाकतात. मोठ्या बदकाला दिवसाला १२० ते १५० ग्रॅम खाद्य लागतं, चरायला मिळालं तर त्यात बचत होते. अंड्यावर आल्यावर शिंपल्यांचा चुरा ठेवा. औषध फवारलेल्या रानात किंवा कारखान्याचं पाणी मिसळलेल्या ओढ्यात सोडू नका.

सकाळी नऊपर्यंत बदकं कोंडूनच ठेवा. ती बहुतेक अंडी त्याआधीच घालतात, आणि उजाडताच सोडली तर ती अंडी उसाच्या सरीत नाहीतर ओढ्यात जातात. तीन माद्यांमागं फूटभर रुंदीचं एक खोकं पुरतं. मातकट अंडी कोरड्या कापडानं पुसा. धुतली तर लवकर खराब होतात.

लसी दोन: बदकांच्या पटकीची (डक कॉलरा) तीन-चार आठवड्यांच्या वयात आणि डक प्लेग या बदकांच्या विषाणूजन्य रोगाची आठ ते बारा आठवड्यांच्या दरम्यान. दवाखान्यात आत्ताच विचारा, कारण चाळीस पिल्लांसाठी कुपी फोडायला बरेच जण तयार नसतात; गावातल्या दोघा-तिघांनी मिळून एका दिवशी लस घ्यावी. बदकं कोंबड्यांच्या खुराड्यात एकत्र ठेवू नका. बर्ड फ्लूचा विषाणू बदकाच्या अंगात असूनही ते धडधाकट दिसू शकतं आणि शेजारच्या कोंबड्या पटापट मरतात. हिवाळ्यात रानबदकं उतरतात त्या तलावाकडंही त्यांना नेऊ नका. अचानक मर सुरू झाली तर मेलेला पक्षी ओढ्यात न फेकता पशुवैद्यकीय दवाखान्यात लगेच कळवा.