ब्रास बर्मिंगहॅम: कर्ज लवकर घ्या, पहिली पातळी लवकर संपवा

'ब्रास बर्मिंगहॅम' या बोर्ड गेममध्ये (काळ 1770 ते 1870, इंग्लंडचा वेस्ट मिडलंड्स) नवखे लोक कर्जाला उगाच बिचकतात. 30 पौंड हातात येतात, उत्पन्न तीन पातळ्या खाली जातं, एवढंच. सुरुवातीला उत्पन्न असतंच कुठे? तेव्हाच उचला.

खरी मेख पुढे आहे. कालव्यांचं युग (खेळाचा पहिला भाग) संपलं की गुण मोजून पहिल्या पातळीचे सगळे कारखाने पटावरून उठतात. दुसरी किंवा वरची पातळी टिकते आणि उलटलेली टाइल (माल विकला गेला किंवा साठा संपला की कारखान्याची टाइल उलटते) दुसऱ्या भागाच्या, म्हणजे रेल्वेच्या युगाअखेर पुन्हा गुण देते. म्हणून लोखंड खर्चून 'विकास' ही चाल खेळा, खालच्या पातळीच्या टाइल न बांधता आधीच काढून टाका. दुसऱ्या पातळीची दारूभट्टी तर कालव्याच्या युगातच बांधून ठेवा. बिअरवाचून माल विकताना फार हाल होतात!