आपलं घराणं कुठून उठून आलं, ते कसं शोधावं

माझे आजोबा म्हणायचे, "आम्ही मूळचे वेर्ण्याचे." सगळा जन्म काढला गोव्यातल्या फोंड्याजवळच्या म्हार्दोळात! पुढे मी शाळेत इतिहास शिकवायला लागले, तेव्हा ते वाक्य मला पुन्हा ऐकू आलं.

सुरुवात कुळदेवापासून करा. आपल्याकडे माणसांचे कागद हरवले, पण देवांचे जुने पत्ते लोकांनी जपले. आमची कुळदेवी म्हाळसा मूळची वेर्ण्याची, ती म्हार्दोळला आली. मंगेश कुशस्थळीचा, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीचा, फोंड्यातल्या प्रियोळला आला. गोव्याचे साष्टी (वेर्णे, कुठ्ठाळी त्यातलीच) आणि बारदेस हे भाग 1543 साली पोर्तुगिजांकडे गेले, 1560 मध्ये गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, बसलं, 1567 मध्ये साष्टीतली देवळं पाडली गेली. जुवारी नदीपलीकडचा फोंडा तेव्हा आदिलशहाच्या ताब्यात. म्हणून मूर्ती नदी ओलांडून तिकडे गेल्या, आणि त्यांच्यामागून माणसं. काही जण आणखी खाली, मंगळूर-कोचीपर्यंत पोचले.

मग वंशावळ काढा. घरात नसेल तर देवस्थानातली महाजनांची, म्हणजे देवस्थानाच्या हक्कदार घराण्यांची, यादी पाहा, घरच्या भटजींना विचारा. नावं मोजा आणि पिढीला 25 ते 30 वर्षं धरा. इथे मी स्वतः चुकले होते. वंशावळीतला पहिला पुरुषच म्हाळसेबरोबर आला असं धरून त्याच्यापुढे मी 1567 लिहिलं, वर्गातही तसंच सांगितलं. नंतर हिशेब मांडला. माझा जन्म 1955 चा, माझ्या वर 12 पिढ्या. म्हणजे 300 ते 360 वर्षं, आणि पहिला पुरुष जन्मला 1595 ते 1655 च्या दरम्यान. देवी आली तेव्हा तो जन्मलेलाच नव्हता. आमची वंशावळ पळून आल्यानंतरच्या माणसापासून सुरू होते. त्याच्या आधीची नावं वेर्ण्यातच राहिली. ते कळलं त्या दिवशी मला रडू आलं.

म्हणून देवाचं साल आणि घराण्याचं साल वेगवेगळ्या रकान्यांत लिहा.

तिसरा रकाना जगाचा. तो भरताना पोर्तुगालच्या राजधानीवर, लिस्बनवर, नजर ठेवा. 1580 ते 1640 पोर्तुगाल स्पेनच्या राजाखाली होता, त्यामुळे स्पेनचे डच शत्रू आपल्या समुद्रात आले. त्यांनी 1641 मध्ये मलाक्का घेतलं, 1663 मध्ये कोची. 1 नोव्हेंबर 1755 ला लिस्बनमध्ये भूकंप झाला, मग समुद्र आत आला, मग आग. त्या पडझडीतून पोर्तुगालचा मंत्री पोंबाल सर्वेसर्वा झाला आणि त्याच्याच काळात, 1774 मध्ये, गोव्यातलं इन्क्विझिशन बंद पडलं. 1778 मध्ये ते पुन्हा सुरू झालं, कायमचं संपलं 1812 मध्ये. त्याआधी 1763 मध्ये फोंडाही पोर्तुगिजांकडे गेला होता, पण नव्या काबिजादींत, म्हणजे असे उशिरा जिंकलेल्या भागांत, देवळांना हात लावला नाही. पळून आलेले देव वाचले ते त्यामुळे.

त्याच भूकंपात लिस्बनमधलं हिंदुस्थानच्या व्यापाराचं दप्तर, कासा दा इंडिया, नष्ट झालं. म्हणून पणजीच्या पुराभिलेखागाराची किंमत मोठी. राजाची दरसालच्या जहाजांनी आलेली पत्रं तिथे 'मोंसोंइश दु रैनु' नावाच्या बाडांत बांधून ठेवली आहेत. जाताना गावाचं नाव पोर्तुगीज वळणाने लिहून न्या, साल नेमकं ठेवा, आणि पोर्तुगीज वाचणारं कुणी सोबत घ्या.

आईच्या माहेराची वही वेगळी करा. माझ्या आईची कुळदेवी कवळ्याची शांतादुर्गा, मूळची केळशीची. तिच्याकडच्या मला अजून सातच पिढ्या सापडल्यात.