जबड्याचा सांधा दुखत असेल तर व्यायाम कसा करावा

तोंड उघडताना कानापाशी ‘कट्’ असा आवाज येतो, चावताना कानशील ठणकतं. अशा माणसाला दोन सल्ले हमखास मिळतात: तोंड मोठ्ठं उघडायचा व्यायाम कर, आणि च्युइंगगम चघळ म्हणजे स्नायूंना बळ येईल. दोन्ही ऐकू नका. दुखऱ्या जबड्याचे स्नायू बहुधा कमजोर नसतात, दिवसभर आवळून थकलेले असतात. मी फिजिओथेरपिस्ट आहे. हे व्यायाम रोज शिकवते, आणि काही वर्षांपूर्वी माझाच जबडा दोन बोटांपलीकडे उघडत नव्हता, म्हणून इतकं ठामपणे सांगते आहे.

आधी एक चाळणी लावा. मार लागलेला असेल, सूज किंवा ताप असेल, चेहरा बधिर झाला असेल, जबडा अचानक अडकला असेल, तर व्यायाम करत बसू नका, डॉक्टरांकडे जा. चालताना किंवा जिना चढताना जबडा दुखत असेल, छातीत दडपण येत असेल, तर दुखणं हृदयाचं असू शकतं. तडक रुग्णालय गाठा. पन्नाशीनंतर नव्यानेच कानशील दुखू लागलं, चावताना जबडा थकतो आणि नजरेतही फरक वाटतो, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. नुसता आवाज येतो, पण दुखत नाही आणि जबडा अडकत नाही? मग काहीच करायची गरज नाही. आवाज अजून येतो का, हे पाहायला दिवसभर जबडा वाजवत बसणं मात्र बंद करा.

शेक: गरम पाण्यात पिळलेलं कापड गालावर आणि कानशिलावर १० ते १५ मिनिटं. बस.

जबड्याची विश्रांतीची जागा: ओठ मिटलेले, दात एकमेकांपासून सुटलेले, जीभ टाळूला अलगद टेकलेली. ‘न’ म्हणताना जिभेचं टोक जिथे लागतं, तिथून किंचित मागे. ‘ण’ म्हणताना जाते तितकी मागे नको, आणि टोकाने दात ढकलायचे नाहीत. जिभेने ‘टॉक्’ असा आवाज काढायच्या आधी ती जशी टाळूला चिकटते, तशी ठेवा. खाणं-बोलणं सोडून दिवसभर जबडा असाच असायला हवा. काम करताना दात एकमेकांवर टेकलेले सापडले की सोडवा. दिवसातून पन्नासदा सापडतील, पन्नासदा सोडवा.

आता खरा अवघड भाग: जीभ टाळूलाच ठेवून तोंड उघडणं.

कानाच्या छिद्रापुढे बोट ठेवून तोंड उघडून पाहा. सुरुवातीला आतली गोळी, म्हणजे खालच्या जबड्याच्या हाडाचं गोल टोक, जागच्या जागी फिरते, आणि तोंड आणखी उघडलं की सांध्यातल्या मऊ चकतीसकट समोर घसरते. हे घसरणं नैसर्गिकच आहे. पण दुखऱ्या जबड्यात बऱ्याचदा ते फार लवकर होतं किंवा एक बाजू आधी धावते, आणि हनुवटी तिरकी जाते. जीभ टाळूला असली की तोंड साधारण पहिल्या टप्प्याइतकंच, म्हणजे गोळी फिरते तेवढंच उघडतं. तेवढंच उघडायचं. तोंड किती मोठं उघडलं याच्याशी या व्यायामाचा काही संबंध नाही.

मला हे कित्येक दिवस जमलं नाही. माझं लक्ष सगळं उघडण्यावर असायचं आणि जीभ कधी सुटली ते कळायचंच नाही. मग मी ती जोरात दाबायला लागले, तर मान आणि गळा दुखायला लागला. हनुवटी पुढे काढणं आणि डोकं मागे टाकून तोंड उघडल्यासारखं भासवणं, या दोन्ही चुका मी केल्या. शेवटी तर बोटांनी जबडा ताणला आणि त्यानंतर आठवडाभर नीट चावता येईना. सांध्यामुळे अडलेला जबडा घरी बोटांनी कधीही ताणू नका. शस्त्रक्रियेनंतर किंवा किरणोपचारांनंतर आखडलेल्या जबड्याचे ताण वेगळे असतात, ते शिकूनच करायचे.

जमलं ते असं. डोक्याची मागची बाजू भिंतीला टेकवली, समोर आरसा ठेवला आणि त्यावर एक उभा दोरा चिकटवला. एक बोट कानापुढे, अंगठा हनुवटीवर. हनुवटी खाली न्यायची हा विचार सोडून मागच्या दाढा एकमेकींपासून सुटताहेत एवढंच मनात धरलं. जबडा ओढायचा नाही, त्याच्या वजनाने खाली येऊ द्यायचा. बोटाखालची गोळी पुढे उसळली की तुम्ही जास्त उघडलंत. हनुवटी दोऱ्यापासून सरकायला लागली तर हाताने सरळ करू नका; सरकण्याच्या अलीकडे थांबा. ते अंतर बोटभरच असलं तरी चालेल.

सहा वेळा, संथ, आणि दिवसातून सहादा. चिलीचे फिजिओथेरपिस्ट मारियानो रोकाबाडो यांच्या व्यायामक्रमातला हा सहा-सहाचा हिशेब आहे. एकाच वेळी छत्तीसदा केलंत तर स्नायू दुखावतील, सवय काही लागणार नाही.

आठवडाभर हे दुखल्याशिवाय जमलं की हलका विरोध द्या: दात सुटे, जीभ वरच, हनुवटीला खालून आणि दोन्ही बाजूंनी आळीपाळीने दोन बोटांनी हलकेच दाबा, प्रत्येकी पाच-सहा सेकंद. जबडा जराही हलता कामा नये. फार तर पापणीवर बोट ठेवाल तेवढाच जोर.

मान: हनुवटी सरळ मागे घ्या, सोडा, सहा वेळा. डोकं पुढे काढून बसणाऱ्याचा जबडा बसल्याजागी ताणलेला असतो.

तोंड किती उघडतं ते आठवड्यातून एकदाच मोजा. स्वतःची तीन बोटं उभी दातांमध्ये बसली, म्हणजे सुमारे ४० मिलिमीटर, की पुरे. चार-सहा आठवड्यांत काहीच फरक नसेल तर जबड्याचं काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टला किंवा डेंटिस्टला दाखवा. तोवर चिवट पदार्थ टाळा आणि घास लहान घ्या. जांभई आली की जीभ टाळूला लावा आणि हनुवटीखाली मूठ धरा. दातांचं लांबलचक काम करायचं असेल, तर खुर्चीत बसण्याआधीच सांगून ठेवा की मधे मधे तोंड मिटायला थोडा वेळ द्यावा लागेल.