गोजू-र्यूची गुरुपरंपरा कागदावर कशी उतरवावी

माझ्या कराटेच्या वर्गातल्या बारा वर्षांच्या मुलीने एकदा भिंतीवरच्या तक्त्याकडे बोट दाखवून विचारलं, "ताई, वरचे हिगाओन्ना आणि खालचे हिगाओन्ना बापलेक होते का?" जपानमधल्या ओकिनावा बेटावरच्या गोजू-र्यू या कराटे शैलीच्या गुरुपरंपरेचा तो तक्ता मीच केला होता. पाच फोटो, एकाखाली एक, मधे बाण. बघणाऱ्याला बापलेकच वाटणार. त्या संध्याकाळी मी तो उतरवला आणि नव्याने करायला बसले. तुमच्या दोजोसाठी (कराटेच्या वर्गासाठी) असा तक्ता करायचा असेल तर मला जे उशिरा उमगलं ते आधीच सांगते.

मोठा कार्डशीट घ्या, पेन्सिल घ्या आणि वरून नाही, खालून सुरुवात करा. म्हणजे तुमच्या स्वतःच्या सरांपासून. वर्ग सुटल्यावर, चहा घेताना, शांतपणे विचारा: सर, तुम्ही कोणाकडे शिकलात, किती वर्षं, कोणते काता (ठरलेल्या हालचालींचे क्रम)? "किती वर्षं" हा प्रश्न सोडू नका. रोजच्या वर्गात आठ वर्षं घाम गाळणं वेगळं आणि तीन दिवसांच्या शिबिरात शेजारी उभं राहून फोटो काढणं वेगळं. मी पहिल्यासाठी सलग रेघ ओढते, दुसऱ्यासाठी तुटक. ब्लॅक बेल्टच्या प्रमाणपत्रावर विसंबू नका. त्यावर बहुतेक वेळा संघटनेच्या प्रमुखाची सही असते आणि तुमचं मनगट धरून वळवणारा माणूस दुसराच असतो. तक्त्यात नाव त्या मनगट धरणाऱ्याचं हवं.

नावं लिहिताना ओकिनावातल्यासारखं आडनाव आधी लिहा आणि प्रत्येकाखाली जन्ममृत्यूची सालं टाका. वरचे हिगाओन्ना कानर्यो १८५३ साली ओकिनावातल्या नाहात जन्मले. खालचे हिगाओन्ना मोरिओ १९३८ चे. तोवर कानर्यो जाऊन वीस वर्षं उलटली होती. मोरिओ मुख्यतः मियागी आनइची यांच्याकडे घडले. आता हे मियागी म्हणजे शैलीला गोजू हे नाव देणाऱ्या मियागी चोजुन यांचे चिरंजीव का? तेही नाहीत, ते चोजुन यांचे अखेरच्या काळातले विद्यार्थी. शिवाय चोजुन यांचेच दुसरे शिष्य मियाझातो एइइची आहेतच, मराठीत घाईने वाचलं तर मियागीच वाटतात. सालं लिहिली की हा गुंता आपोआप सुटतो.

शैलीचं नाव कुठे लिहायचं हेही नीट बघा. कानर्यो यांच्या फोटोखाली "गोजू-र्यू" लिहिलेलं मी अनेक ठिकाणी पाहिलंय आणि दर वेळी वाईट वाटतं. ते चीनमध्ये फुझोउला जाऊन शिकले आणि परतल्यावर त्यांनी जे शिकवलं त्याला नाहा-ते म्हणतात. गोजू हे नाव त्यांचे शिष्य मियागी चोजुन (१८८८–१९५३) यांनी दिलं. चोजुन यांचे शिष्य शिनझातो जिनआन १९३० मध्ये तोक्योला प्रात्यक्षिकासाठी गेले, तिथे शैलीचं नाव विचारलं गेलं आणि सांगायला नावच नव्हतं. मग चोजुन यांनी 'बुबिशी' या जुन्या ग्रंथातल्या ओळीतून कठोर (गो) आणि मृदू (जू) हे दोन शब्द उचलले. फुझोउमधल्या गुरूंचं नाव र्यू र्यू को असं चालत आलंय. ते नेमके कोण यावर अभ्यासकांमध्ये एकमत नाही, म्हणून तिथे मी तुटक रेघच ठेवली आहे.

चोजुन यांच्यापाशी आलात की कागद आडवा धरा, कारण खाली जागा पुरणार नाही. त्यांनी जाहीरपणे एकच वारस नेमला नाही. ज्यांच्याकडे धुरा जाईल असं अनेकांना वाटत होतं ते शिनझातो १९४५ च्या युद्धात गेले. मग वेगवेगळ्या दोजोंच्या फांद्या फुटल्या: मियाझातो यांचं जुंदोकान, यागी मेइतोकु यांचं मेइबुकान, तोगुची सेइकिची यांचं शोरेइकान. चोजुन यांच्या कुटुंबाने त्यांचा गी (कराटेचा पोशाख) आणि पट्टा १९६३ मध्ये यागींना दिला. म्हणून बाकीच्या फांद्या खोट्या ठरत नाहीत. या सगळ्यांना एकाच उंचीवर लिहा, आपली फांदी जाड करू नका. हिगा सेको आधी कानर्यो यांच्याकडे आणि मग चोजुन यांच्याकडे शिकले, म्हणून त्यांच्याकडे दोन रेघा येतात. तोगुची हिगांकडेही शिकले आणि चोजुन यांच्याकडेही, तिथेही दोन. एका माणसाला दोन गुरू असणं आपल्या गाण्यातल्या घराण्यांतही नवीन नाही, तेव्हा रेघा खोडून तक्ता देखणा करू नका.

शेवटी, कागद खरा की नाही हे अंगावर तपासा. तुमच्या सरांचा सानचिन हा काता बघा. त्यात मागे वळणं आहे का? चोजुन यांनी न वळता करायचा छोटा सानचिन बसवला. वळण्याचा सानचिन त्याआधीचा. गेकिसाइचे दोन्ही काता त्यांनी १९४० मध्ये नवशिक्यांसाठी पुढे आणले, तेन्शो हा काताही त्यांचाच. म्हणून मी तक्त्याच्या कडेला कातांची एक उभी ओळ केली आहे आणि हे तिन्ही चोजुन यांच्या रांगेपासून सुरू होतात.

मागच्या बाजूला प्रत्येक रेघेचा आधार लिहा: कोणी सांगितलं, कोणत्या तारखेला. पेन्सिलनेच. माझ्या तक्त्यावर दोन रेघा मागच्या गुरुपौर्णिमेनंतर बदलल्या आहेत.