झाड हिरवंच असतं आणि मान टाकतं: गोव्यात टोमॅटो लावताना या चुका टाळा

पहिल्या वर्षी मी मरणाऱ्या झाडांना पाणी घालत होतो. डिचोलीजवळ घरामागच्या भाटात, म्हणजे बागायती जमिनीत, साठ रोपं लावली होती. डिसेंबरात फुलं धरली, आणि एका दुपारी बांधाकडचं एक झाड माना टाकून उभं दिसलं. पानं हिरवीगार, कुठे डाग नाही. ऊन लागलं असेल म्हणून दोन कळश्या ओतल्या. रात्रीच्या गारव्यात ते पुन्हा ताठ झालं, म्हणून माझी खात्रीच पटली. दुसऱ्या दुपारी परत तेच. चौथ्या दिवशी झाड उकडलेल्या पालेभाजीसारखं लोंबत होतं आणि शेजारची तीन झाडं त्याच वाटेवर होती. खतांच्या दुकानात वर्णन सांगितलं, त्यांनी बुरशीनाशकाची पुडी दिली. ती ओतून झाली, पैसे गेले, झाडंही गेली. शेजारच्या काकी तेवढ्या म्हणाल्या होत्या, "त्या जाग्यार मिरचीसुद्धा टिकत नाही रे, किती वर्षं झाली." निदान तिथेच झालं होतं, पण माझ्या ते कानावरून गेलं.

मर म्हणजे तहान नव्हे

गोव्यात टोमॅटोचा पहिला शत्रू हाच, जिवाणूजन्य मर. राल्स्टोनिया सोलानासिएरम नावाचा जिवाणू मातीतून मुळांच्या बारीक जखमांवाटे आत शिरतो, पाणी वर नेणाऱ्या नळ्यांत वाढतो आणि तिथे चिकट पदार्थ सोडून त्या तुंबवतो. मातीत पाणी भरपूर असतं, ते पानापर्यंत पोचत नाही एवढंच. म्हणून पान पिवळं पडायला उसंतच मिळत नाही, हिरवं असतानाच ते मलूल होतं. अमेरिकी शास्त्रज्ञ अर्विन स्मिथ यांनी 1896 साली याचं वर्णन केलं. तेव्हापासून या जिवाणूवर ढीगभर संशोधन झालं आहे, तरी रोग लागलेलं झाड बरं करणारं औषध आजही नाही. उष्ण आणि दमट हवा, तीस-पस्तीस अंशांची माती आणि ओल याला मानवते. म्हणजे आपलीच हवा. आपली जांभ्याची माती आम्लधर्मी, त्यामुळे मुळं आधीच अशक्त.

बुरशीमुळे होणारी मर वेगळी. त्यात खालची पानं आधी पिवळी पडतात, पुष्कळदा झाडाच्या एकाच बाजूची, आणि झाड हळूहळू वाळत जातं. दोन्हींवर उपाय वेगळे, त्यामुळे ओळखण्यातली चूक सगळ्यात महाग पडते. ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. मान टाकलेल्या झाडाच्या बुडाजवळचा बोटभर तुकडा धारदार सुरीने कापा आणि काचेच्या ग्लासात स्वच्छ पाण्यात, कापलेलं टोक खाली करून, न हलवता धरा. पाचेक मिनिटांत दुधाच्या धारेसारखा पांढरा धागा खाली उतरू लागला तर तो जिवाणू. पाणी निवळ राहिलं तर बुरशी, सूत्रकृमी किंवा दुसरं काही पाहायचं. सुरी नंतर विस्तवावर धरा किंवा स्पिरिटने पुसा. त्याच सुरीने पुढच्या झाडाच्या फुटी काढल्या तर रोग हाताने पेरल्यासारखा होतो.

यानंतरची चूक मी दोन वर्षं केली: मेलेलं झाड उपटून कंपोस्टच्या खड्ड्यात टाकणं. काहीजण पाटात टाकतात, ते आणखी वाईट, कारण पाणी जिथवर जाईल तिथवर जिवाणू जातो. झाड मुळांसकट आणि मुळांभोवतीच्या मातीसकट घमेल्यात काढा आणि वाळवून जाळा. त्या आळ्यातलं पाणी पुढच्या आळ्यात जाऊ देऊ नका. सरीतून सगळ्या वाफ्यांना एकाच धारेने पाणी सोडण्याची आपली सवय या रोगाला फारच सोयीची आहे.

प्रतिजैविकाची फवारणी करू नका. नळ्यांत बसलेल्या जिवाणूपर्यंत ती पोचत नाही. मात्र माणसाच्या आजारांत लागणारी औषधं अशी रानात सांडत राहिली, की ती औषधं निकामी व्हायला मदत होते.

जागा बदलली असं वाटतं, पण बदललेली नसते

"यंदा टोमॅटो त्या वाफ्यात नाही, तिथे वांगी घातली" असं सांगणारे पुष्कळ भेटतात. टोमॅटो, वांगी, मिरची आणि बटाटा एकाच कुळातले, आणि हा जिवाणू चौघांनाही धरतो. गोव्यातल्या आगशी गावच्या वांग्यांचं कौतुक करत ती ज्या वाफ्यात लावली, तिथेच पुढच्या वर्षी टोमॅटो लावला तर फेरपालट झालीच नाही. फेरपालटीला मका, चवळी, भेंडी किंवा तांबडी भाजी (लाल माठ) घ्या.

याच्याही वर एक उपाय आपल्या पद्धतीत आधीपासून आहे. पावसाळ्यात भात झालेल्या शेतात हिवाळी भाजी घेतली, तर पाण्याखाली राहिलेल्या मातीत हा जिवाणू कमी होतो. घरामागचं भाट सोयीचं असतं, विहीर जवळ, राखण सोपी. तरी वर्षानुवर्षं मिरची-वांग्याची कुंडली तिथेच मांडलेली असते. मी आता टोमॅटो खाली शेतात नेतो आणि भाटात वाल लावतो. फरक पडला.

शेत नसेल तर एप्रिल-मे हातात असतात. वाफा भिजवून त्यावर प्लास्टिकचा पातळ कागद अंथरायचा, कडा मातीने दाबायच्या आणि चार ते सहा आठवडे तसाच ठेवायचा. कागद पारदर्शक हवा. बहुतेकजण घरात पडलेली काळी ताडपत्री घालतात. ती स्वतःच तापते आणि मातीत ऊन उतरू देत नाही. खोल गेलेला जिवाणू याने संपत नाही, वरच्या थरातला कमी होतो.

मातीचं आम्ल कमी करायला चुना घालताना तिचा सामू (पीएच) आधी तपासून घ्या. विभागीय कृषी कार्यालयात मातीचा नमुना कुठे द्यायचा ते सांगतात. टोमॅटोला साधारण सहा ते सातच्या मधला सामू मानवतो. चुना पावसाळ्याआधी किंवा लावणीच्या तीन-चार आठवडे आधी मिसळावा. लावणीच्या दिवशी शेणखत, युरिया आणि चुना एकदम टाकला तर नत्राचा बराच भाग वायू होऊन उडून जातो. तो वास तुम्हालाही आला असेल.

पाकिटावरचा "रोगप्रतिकारक" शब्द

कोणत्या रोगाला, हे विचारल्याशिवाय त्या शब्दाला काही अर्थ नाही. विषाणूमुळे होणाऱ्या पर्णगुच्छाला, म्हणजे बोकड्याला, तोंड देणारी टाय-1, टाय-2, टाय-3 अशी ठळक जनुकं सापडली आहेत आणि ती संकरित वाणांत आणता येतात. जिवाणूजन्य मरेचं तसं नाही. हवाई 7996 नावाच्या वाणात टिकाऊ प्रतिकार आढळला, पण तो गुणसूत्र 6 आणि 12 वरच्या मुख्य भागांवर आणि शिवाय आणखी लहानसहान गोष्टींवर अवलंबून आहे. सगळं एकत्र आणून वर फळही मोठं ठेवणं, हे पैदासकाराच्या डोक्याला ताप देणारं काम. त्यात जिवाणूचे प्रकार जागेगणिक वेगळे. घाटावरच्या शेतात ताठ उभा राहिलेला संकरित वाण गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आडवा होतो, तो यामुळे. बियाणं प्रत्येक वेळी खोटंच असतं असं नाही.

बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा अर्का रक्षक हा संकर बोकड्या, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तिन्हींना तोंड देण्यासाठी काढलेला आहे. केरळ कृषी विद्यापीठाचे शक्ती, मुक्ती आणि अनघा हे वाण मरेसाठीच निवडलेले, आणि केरळची जांभ्याची माती नि पाऊस आपल्याला जवळचे. तरी पहिल्याच वर्षी सगळा वाफा एका वाणाचा करू नका. दहा-दहा रोपं लावून आपल्या मातीला विचारा. जुन्या गोव्याजवळ एला इथे केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था आहे. तिथे मर न लागणाऱ्या वांग्यांवर काम झालं आहे आणि आपल्या मातीत काय टिकतं हे विचारायला ती जागा योग्य.

वांग्यावर टोमॅटोचं कलम बांधणं हा सगळ्यात खात्रीचा मार्ग. तैवानमधल्या जागतिक भाजीपाला केंद्राने ईजी 203 हे वांगं खुंट म्हणून, म्हणजे खालचा मुळांचा भाग म्हणून, सुचवलं. कलमी रोप लावताना होणारी चूक एकच, पण सर्रास होते: जोड मातीत गाडणं. टोमॅटोचं रोप खोल लावायची आपली सवय चांगली, कारण खोडाला मुळं फुटतात. कलमाच्या बाबतीत तीच सवय सगळं घालवते. जोडाच्या वरून टोमॅटोला मुळं फुटली की जिवाणूला पुन्हा दार उघडं.

बोकड्या आणि तंबाखूची बोटं

पानं वर वळतात, लहान होतात, झाड खुजं राहतं. हा विषाणू पांढरी माशी पसरवते. पांढरी माशी मारायला दर चार दिवसांनी औषध बदलून फवारणारे लोक मी पाहिले आहेत. बहुतेक वेळा रोप वाफ्यात येण्याआधी, रोपवाटिकेतच लागण झालेली असते. म्हणून रोपं पंचवीस-तीस दिवसांची होईपर्यंत बारीक छिद्रांच्या नायलॉन जाळीखाली वाढवा आणि लावणीनंतर पहिल्या महिन्यात बोकडलेलं झाड दिसलं की मोह न धरता काढा. त्या झाडाला फळ येत नाही, ते फक्त रोग वाटत बसतं.

पानांवर फिकट-गडद चट्टे पाडणारा मोझॅकचा विषाणू मात्र माशीने नव्हे, हाताने पसरतो. बिडी-तंबाखू हाताळलेल्या बोटांनी फुटी खुडणं हे त्याचं जुनं कारण. काम सुरू करण्याआधी साबणाने हात धुवा.

फळाचा बूड काळा पडला की औषध नको

टोमॅटोच्या खालच्या टोकाला चामड्यासारखा काळा डाग दिसला, की लोक करप्याचं औषध मारतात. हा रोग नव्हे. फळाच्या टोकाला कॅल्शियम पोचलं नाही. कॅल्शियम पाण्याबरोबरच चालतं, आणि पानं जास्त पाणी ओढत असल्याने फळाच्या वाट्याला थोडंच येतं. चार दिवस कोरडं आणि पाचव्या दिवशी तळं, असं पाणी दिलं की हे घडतंच, फळंही तडकतात. पानांवर फवारलेलं कॅल्शियम तिथून फळात फारसं उतरत नाही. रोज किंवा दिवसाआड बेताचं पाणी, भाताच्या पेंढ्याचं आच्छादन आणि युरियाला आवर, एवढं केलं की पुढची फळं स्वच्छ येतात. डाग पडलेली काढून टाका. चांगला भाग कापून आमटीत चालतो.

पेंढ्याचा आणखी एक फायदा: पाण्याच्या थेंबांबरोबर माती पानांवर उडत नाही. नेमबाजीच्या फळ्यासारखी वर्तुळं पाडणारा करपा खालच्या पानांपासून चढतो. जानेवारीत पहाटे दव पडतं, त्यात वर संध्याकाळी पाइपने पानं भिजवायची म्हणजे करप्याला आमंत्रण. पाणी सकाळी आणि बुडाशी द्या.

उशीर हीसुद्धा एक चूक. पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावणी झाली नाही, तर फुलं फेब्रुवारी-मार्चच्या उकाड्यात सापडतात. रात्रीचा पारा बावीसच्या वर राहू लागला की परागकण नीट काम करत नाहीत, फुलं गळतात. तीसच्या वर पारा गेला की फळाला लाल करणारं लायकोपीन बनणं मंदावतं. एप्रिलात झाडावर पिकलेला नारिंगी टोमॅटो बघून "काहीतरी मारलेलं दिसतं" म्हणणारे म्हापशाच्या बाजारातही असतात. ते निव्वळ उन्हाचं काम असतं.

त्रिकोण हिरवा, म्हणून उद्या तोडणी?

कीटकनाशकाच्या बाटलीवरचा लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण विषाची तीव्रता सांगतो. फवारणीनंतर किती दिवसांनी फळ तोडायचं, हे त्यावरून कळत नाही. तो प्रतीक्षा काळ लेबलावर बारीक अक्षरात वेगळा लिहिलेला असतो, आणि औषध टोमॅटोसाठी मंजूर आहे की नाही तेही तिथेच. हिरवा त्रिकोण बघून दुसऱ्या दिवशी टोपली भरणं धोक्याचं. आंतरप्रवाही औषध फळाच्या आत असतं, मीठ-पाण्याने किंवा सोड्याने ते निघत नाही. फळ पोखरणाऱ्या अळीसाठी मी टोमॅटोच्या ओळींमध्ये झेंडू लावतो. झेंडू टोमॅटोपेक्षा दोन-तीन आठवडे आधी पेरावा लागतो, म्हणजे दोघांना फुलं एकदम येतात. एकाच दिवशी लावलेला झेंडू देवाला वाहायला उपयोगी.

स्वयंपाकघरातल्या दोन-तीन गोष्टी

उन्हातून तोडून आणलेले टोमॅटो लगेच गार पाण्यात बुडवू नका. आतला गर गरम आणि पाणी गार असलं की फळ आकसतं आणि देठाच्या खुणेतून पाणी आत ओढतं, त्याबरोबर साल्मोनेलासारखे जिवाणूही. सावलीत निवू द्या आणि मग वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा. चिरलेला टोमॅटो गोव्याच्या उकाड्यात दोन तासांपेक्षा जास्त बाहेर नको. पण अख्खा, अर्धवट पिकलेला फ्रिजमध्ये ठेवलात तर चव जाते. 2016 साली फ्लोरिडा विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं, की पाच अंशांवर आठवडाभर ठेवलेल्या टोमॅटोत वास देणारी द्रव्यं बनवणारी जनुकं मंदावतात आणि बाहेर काढल्यावरही ती पुरती सावरत नाहीत.

फेब्रुवारीत पीक अंगावर येतं आणि मग घरोघरी प्युरीच्या बाटल्या भरतात. टोमॅटो आंबट म्हणून सुरक्षित, असं धरून चालू नका. 4.6 पेक्षा जास्त सामू असेल तर बंद बाटलीत बोटुलिझम या जीवघेण्या विषबाधेचा जिवाणू विष बनवू शकतो, आणि काही पिकलेल्या टोमॅटोंचा सामू त्या रेषेपलीकडे जातो. अर्ध्या लिटरला पाव चहाचा चमचा लिंबूसत्त्व (सायट्रिक ॲसिड) घाला आणि भरलेल्या बाटल्या उकळत्या पाण्यात पूर्ण बुडवून पस्तीस मिनिटं ठेवा. काकी कोकमाची आगळ घालतात. चव छान येते, पण आगळीचा आंबटपणा प्रत्येक घरी वेगळा, त्यामुळे लिंबूसत्त्व तरीही लागतंच. एवढा खटाटोप नको असेल तर प्युरी डब्यात भरून सरळ फ्रीझरमध्ये ठेवा. मी तेच करतो.